११२ वर अडलेला आकडा

घरच्या राउटरला जोडलेली दोन नॅस शेजारी शेजारी आहेत असं समजा. नॅस म्हणजे स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेली डिस्कची पेटी. घरातल्या सगळ्या लॅपटॉपचे, फोनचे फोटो, व्हिडिओ, बॅकअप तिच्यात जाऊन बसतात. पहिली पेटी साधी, दोन डिस्कची, बेताच्या प्रोसेसरची. दुसरी चार डिस्कची, चांगली दणकट. विंडोजच्या लॅपटॉपवरून दोघींवर तोच ४० जीबीचा व्हिडिओ कॉपी केला, तर दोन्हीकडे सेकंदाला ११२ एमबीच्या आसपासच आकडा येईल. दणकट पेटी घेणाऱ्याला वाटेल की पैसे पाण्यात गेले. पण या मोजणीत पेट्या मोजल्याच गेल्या नाहीत. मोजली गेली ती मधली लॅन केबल.

हा ११२ आला कुठून, ते एकदा हिशोब करून बघण्यासारखं आहे. घरातलं बहुतेक नेटवर्क गिगाबिटचं असतं, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १२५ मेगाबाइट. पण केबलवरून माहिती सलग वाहत नाही, तिचे तुकडे पडतात. एका तुकड्यात जास्तीत जास्त १५०० बाइट. त्याला पुढे-मागे पत्ता आणि तपासणीचे १८ बाइट लागतात, सुरुवातीची खूण ८ बाइटांची, आणि पुढचा तुकडा निघण्याआधी १२ बाइटांएवढी मोकळी जागा सोडावीच लागते. झाले १५३८. शिवाय त्या १५०० मधलेही ४० बाइट आयपी आणि टीसीपी या नेटवर्कच्या नियमावल्यांच्या पत्रव्यवहाराला जातात. म्हणजे १५३८ बाइट केबलवरून गेले, की आपल्या फाइलचे पोचले १४६०. त्या प्रमाणात १२५ चे होतात ११८.७. त्यातही विंडोज एका एमबीत १०,४८,५७६ बाइट धरतं, म्हणून पडद्यावर ११३. फाइल मागण्या-देण्याचं बोलणं वजा जाता ११२. मॅक मात्र २००९ पासून १० लाख बाइटांचा एमबी मोजतो, त्यामुळे त्याच केबलवर, त्याच वेगाला तिथे ११७-११८ दिसतो. दोन जणांनी दोन वेगळ्या कॉम्प्युटरवरून मोजलेले आकडे पाच-सहाने वेगळे आले, तर पेट्यांवर निकाल देण्याआधी एवढं तपासून घ्यावं.

मला हा हिशोब आवडतो, कारण त्याने आकडा बोलायला लागतो. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते बऱ्याचदा आकडाच सांगतो.

माझ्याकडे एकदा कॉपीचा वेग ११.२ वर येऊन बसला. आदल्या आठवड्यात सगळं व्यवस्थित होतं. दोन दिवस मी डिस्कवर संशय घेतला, तिची तपासणी रात्रभर चालवली, डिस्क ठणठणीत निघाली. मग लक्षात आलं की ११.२ हा ११२ चा बरोबर दहावा भाग आहे, आणि बिघडणारी डिस्क इतकी नेमकी वागत नाही. केबल बघत बघत गेलो तर टेबलाच्या पायाखाली ती चेपलेली. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १९९९ साली गिगाबिटचं तांब्याच्या केबलवरचं मानक आलं, ते चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापरतं. त्याआधीच्या १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरत. त्यामुळे एखादी जोडी तुटली, तरी बऱ्याच उपकरणांमध्ये जोडणी बंद पडत नाही. दोन्ही टोकं गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात आणि काम चालू ठेवतात. पोर्टवरच्या दिव्याचा रंग बदलतो तेवढाच, आणि तो दिवा कपाटामागे असतो. १०० जीबी कॉपी करायला जिथे १४ मिनिटं लागतात, तिथे सव्वादोन तासांच्या वर जातात. केबल बदलली आणि आकडा परत ११२.

तर केबलचा पल्ला संपला की पेटीची परीक्षा सुरू होते. २०१६ साली २.५ गिगाबिटचं मानक मंजूर झालं, तेही घराघरांत आधीच घातलेल्या जुन्या केबलवर चालेल असं. लॅपटॉप, स्विच (केबली एकमेकींना जोडणारी मधली डबी) आणि नॅस तिन्हींना असं पोर्ट असेल तर वरची मर्यादा ११२ ऐवजी २८० च्या घरात जाते. तिन्हींपैकी एकाला जरी नसेल तर पुन्हा ११२. आणि २८० च्या पुढ्यात आता हार्डडिस्क उभी राहते.

हार्डडिस्क ही फिरणारी तबकडी आहे, आणि तिचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेचं वर्तुळ मोठं, आतलं लहान. बिट दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच दाटीने लिहिलेले असतात आणि तबकडी एका ठराविक गतीने फिरते. साहजिकच एका फेरीत बाहेरच्या वर्तुळातून जास्त माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या हाताखालून जाते. आतल्या कडेला पोचेपर्यंत हा वेग निम्म्यावर येतो. डिस्क भरायला सुरुवात साधारणपणे बाहेरून होते, म्हणून नवी कोरी डिस्क चपळ वाटते आणि तीच काठोकाठ भरल्यावर मंदावते. तिच्यात बिघाड झालेला नसतो. पण एका पेटीची नवी डिस्क आणि दुसऱ्या पेटीची तीन वर्षांत भरलेली डिस्क अशी तुलना केली, तर आपण पेट्यांची नव्हे, वर्तुळांची तुलना करत असतो.

हे झालं सलग फाइलचं. फाइलचे तुकडे विखुरलेले असले की चित्र पार बदलतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी डिस्क एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. हात एका वर्तुळावरून दुसऱ्यावर न्यायला आणखी आठेक. एका उडीला १२ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ८० च्या आसपास उड्या होतात. प्रत्येक उडीत ४ केबीचा तुकडा उचलला, तर सेकंदाला मिळाले ३२० केबी. सलग वाचताना जी डिस्क सेकंदाला २०० एमबी सहज देते, तीच इथे एक एमबीही देत नाही. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे ही उडीच नाही. फोटोंचे हजारो छोटे नमुने पटापट उमटावेत असं वाटत असेल, तर फरक इथे पडतो, केबलच्या मोठ्या आकड्यात नाही.

छोट्या फाइलींची आणखी एक गंमत आहे, आणि ती डिस्कच्याही आधी घडते. लॅपटॉप आणि नॅस यांच्यात बहुधा एसएमबी नावाच्या भाषेत बोलणं चालतं. नॅसच्या आत बहुतेक वेळा लिनक्स असतं आणि ही भाषा बोलणारा सांबा हा प्रोग्रॅम. तो अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिहायला घेतला, आणि नाव शोधण्यासाठी एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने असलेले शब्द शब्दकोशातून काढले. त्यांत सांबा निघाला. या भाषेत एक फाइल ठेवायची तर अशी देवाणघेवाण होते: या नावाची फाइल तयार कर, केली. हा मजकूर लिही, लिहिला. तारीख-वेळ ही लाव, लावली. बंद कर, केली. फाइल ४० जीबीची असो की ४ केबीची, हे सोपस्कार चुकत नाहीत.

आता एका फोल्डरमध्ये ५०,००० छोट्या फाइली आहेत आणि एका फाइलीला पाच वेळा विचारणा होते असं धरू. केबलवरून प्रश्न जाऊन उत्तर यायला ०.३ मिलिसेकंद लागले, तर नुसत्या बोलण्यात ७५ सेकंद गेले. वायफायवरून तेच उत्तर ३ मिलिसेकंदांनी आलं, तर साडेबारा मिनिटं. मजकूर अजून मोजलेलाच नाही. म्हणून अशा फोल्डरवर वेगाचा आलेख तळाशी लोळत असतो आणि माणूस पेटीला दोष देत बसतो. २००६ च्या एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीने शंभरावर आज्ञांच्या एकोणीस केल्या आणि अनेक विचारणा एकत्र पाठवायची सोय दिली, त्याने पुष्कळ सुधारलं. पण फाइलींची संख्या काही कमी होत नाही. जुना बॅकअप नुसता हलवायचाच असेल तर फोल्डरची एकच झिप करून पाठवावी.

वायफायबद्दल थोडक्यात. राउटरच्या खोक्यावर किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ८६६ मेगाबिट दिसतं, ते हवेतल्या जोडणीचं असतं. हवा सगळ्यांत मिळून एक, एका वेळी एकानेच बोलायचं, मध्ये थांबायचं, पोच द्यायची. या सगळ्यातून फाइलच्या वाट्याला जेमतेम अर्ध्याच्या थोडं पुढे येतं. दोन पेट्यांची तुलना वायफायवरून करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. शेजारच्या खोलीत कोणी व्हिडिओ लावला की आकडा बदलतो.

चाचण्यांमध्ये सगळ्यात जास्त फसवते ती मेमरी. नॅसवर फाइल पाठवली की ती आधी तिच्या रॅममध्ये पडते आणि मग सवडीने डिस्कवर जाते. ४ जीबी रॅमच्या पेटीवर १ जीबीची फाइल टाकली, तर डिस्कची गाठ पडायच्या आतच कॉपी संपते आणि छान आकडा मिळतो. मोठी फाइल टाकली तर आलेख आधी २८० वर पठारासारखा सपाट चालतो, आणि काही सेकंदांनी कड्यावरून घसरल्यासारखा खाली येऊन १५०-१६० वर स्थिरावतो. तो पठाराचा भाग रॅमचा, खरी डिस्क कड्याखाली. वाचतानाही तेच. एकदा वाचलेली फाइल लगेच पुन्हा वाचली तर ती रॅममधूनच येते. म्हणून चाचणीची फाइल रॅमच्या निदान दुप्पट असावी, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पेटी बंद करून चालू करावी.

असाच कडा काही डिस्कमध्येही असतो. जास्त माहिती मावावी म्हणून त्यांत वर्तुळं कौलांसारखी एकमेकांवर थोडी चढवून लिहिलेली असतात. एक कौल बदलायचं तर त्यावरची पुढची कौलंही काढून परत बसवावी लागतात. हे लपवायला डिस्कचा एक भाग कच्च्या वहीसारखा राखून ठेवतात. वही भरेपर्यंत सगळं सुरळीत, भरली की वेग कोसळतो. २०२० साली नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क अशा कौलारू पद्धतीच्या निघाल्या आणि ते माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं, याचा लोकांना रास्त संताप आला. नॅससाठी डिस्क घेताना ही एक गोष्ट मी आवर्जून तपासतो, कारण तासभराच्या चाचणीत ती कळेलच असं नाही.

प्रोसेसरचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. पेटीवर माहिती कुलूपबंद ठेवायची असेल, तर प्रत्येक बाइट गणितातून काढावा लागतो. २०१० पासून अनेक प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सूचना आल्या. त्या असतील तर फरक जाणवत नाही, नसतील तर वेग निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो. दुसरं ठिकाण म्हणजे घरी जुळवलेली नॅस. जुन्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कचं पोर्टच यूएसबी २ मधून जात होतं आणि डिस्कही त्याच वाटेने, म्हणजे एकाच बोळातून जायचं आणि यायचं. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत खरं गिगाबिट मिळालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, हे अशा वेळी शब्दशः खरं असतं.

मग मोजायचं कसं? मी एकेक दुवा सुटा करतो. आधी आयपर्फ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने फक्त नेटवर्क. तो डिस्कला हातही लावत नाही, एका रॅममधून दुसऱ्या रॅममध्ये माहिती पाठवतो. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आलं की केबल, स्विच, पोर्ट निर्दोष. मग पेटीच्या आतच डिस्कवर लिहून-वाचून बघतो, नेटवर्क न वापरता. शेवटी खरी कॉपी: एक मोठी फाइल आणि एक छोट्या फाइलींचा फोल्डर, दोन्ही लिहिताना आणि वाचताना, तीन-तीनदा, आणि मधला आकडा धरतो. पहिल्या दोन चाचण्या उत्तम आणि तिसरी मंद, म्हणजे अडचण भाषेत किंवा प्रोसेसरमध्ये.

वाचण्याचा आकडा तर लिहून ठेवाच. तुलना करताना लोक लिहिण्याचाच वेग बघतात, पण लिहिणं रात्री, आपण झोपेत असताना थोडंथोडं होतं. लॅपटॉपची डिस्क गेल्यावर सगळं एकदम परत आणायचं असतं तेव्हा वाचणं लागतं. ४ टीबी परत आणायला पूर्ण गिगाबिट चालूनही साडेनऊ तास जातात. २.५ गिगाबिटवर, डिस्क सेकंदाला १८० एमबी देत राहिली तर सहा तासांहून थोडे जास्त. आणि टेबलाच्या पायाखाली केबल चेपलेली असेल तर जवळजवळ चार दिवस.