कर्लीच्या खाडीतील होडीची फेरी : निघण्याची वेळ रोज का बदलते

काल सकाळी आठला सुटलेली होडी आज पावणेनऊला का, असे मालवणजवळच्या देवबागला येणारे पाहुणे नेहमी विचारतात. आमची वेळ भरतीच्या हिशेबाने ठरते आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीचा तास काढतात, म्हणजे दशमीला साडेसात. हा आडाखा मुंबईच्या पाण्याला अधिक जुळतो. मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधी होते, म्हणून आम्ही छापील कोष्टकही पाहतो.

पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी निघाल्यास आत शिरणारे पाणीच होडीला वरच्या अंगाला नेते आणि वल्ह्याचे काम निम्मे होते. भरती पुरी झाली की पाणी काही वेळ थबकते. तेवढ्या वेळात कांदळवनातील अरुंद फाट्यांत जाता येते, जेथे एरवी होडीचा तळ चिखलाला लागतो. खरी गंमत मात्र परतीच्या वाटेवर आहे. पाणी उतरू लागले, की चिखलातून कांदळाच्या झाडांची बोटाएवढी श्वसनमुळे वर दिसू लागतात, खेकडे बिळांतून बाहेर येतात आणि डोक्यावर डोळे असलेल्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) परांच्या आधाराने चिखलावर सरपटतात. २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी येथे पाहायला मिळते. तेथे कृपया बोलणे टाळावे. आवाज झाला की निवट्या दिसेनाशा होतात.

खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर नेण्याचा आग्रह पुष्कळजण करतात. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असताना समोरून समुद्राची लाट आली, की मुखाशी लाटा उभ्या राहतात, शिवाय तेथील वाळूचे दांडे जागा बदलतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हा जोर सर्वाधिक असतो. किनाऱ्यावरून पाणी कितीही शांत दिसले, तरी ओहोटीत आम्ही मुखाकडे होडी नेत नाही, आणि याबाबतीत तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) शब्द अखेरचा राहील. एका वर्षी पाहुण्यांच्या आग्रहाखातर आम्ही परतायला उशीर केला आणि होडी दांड्यावर बसली. पुढची भरती येईपर्यंत सर्वांना उन्हात थांबावे लागले.

लाइफ जॅकेट बसल्यापासून उतरेपर्यंत अंगावर हवे, पोहता येणाऱ्यांनीही. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. निघण्याची वेळ आदल्या संध्याकाळी कळवली जाते; पंधरा मिनिटे आधी धक्क्यावर यावे, कारण उशीर झालेल्यांसाठी होडी थांबवली तर परतीचे पाणी हुकते.