एमएच370 आणि ते दोन पासपोर्ट

मलेशिया एअरलाइन्सचं एमएच370 विमान 8 मार्च 2014 रोजी बेपत्ता झालं. ‘बनावट पासपोर्टवाल्या दोन दहशतवाद्यांनी ते पाडलं’ हा मजकूर आजही फिरतो. तो चुकीचा आहे.

विमानात 239 जण होते, त्यांत 5 भारतीय. चोरीच्या पासपोर्टवर दोन इराणी तरुण चढले होते, एवढं खरं. पण पासपोर्ट बनावट छापलेले नव्हते; ऑस्ट्रियन आणि इटालियन पर्यटकांचे, थायलंडमध्ये चोरीला गेलेले होते. दोघांनाही युरोप गाठायचं होतं. एकाची आई जर्मनीत वाट पाहत होती. मुलगा उतरलाच नाही, म्हणून तिनेच चौकशी केली. हे वाचून मला दर वेळी गलबलून येतं. दहशतवादाशी त्यांचा संबंध मलेशियन पोलिसांना वा इंटरपोलला आढळला नाही.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही पासपोर्टांची नोंद इंटरपोलच्या चोरीच्या पासपोर्टांच्या यादीत आधीपासून होती. क्वालालंपूरच्या काउंटरवर ती कुणी तपासलीच नाही! 2013 मध्ये जगभरात अशा तपासणीशिवाय 1 अब्जाहून जास्त वेळा प्रवासी विमानात चढले, असं इंटरपोलनेच तेव्हा सांगितलं होतं.