वाहनाचे वजन, शक्ती आणि चालवण्याची मजा (गोवा)

गाडी चालवताना मजा का येते, या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर बहुधा दोन राशींपासून सुरू होते : इंजिनाची शक्ती आणि गाडीचे वजन. शक्तीला वजनाने भागले की शक्ती-वजन गुणोत्तर मिळते. ते सहसा टनामागे किती अश्वशक्ती, असे सांगतात. थ्रॉटल (एक्सिलरेटर) पिळल्यावर गाडी किती जोमाने सुटते, म्हणजे तिचा पिकअप, मुख्यतः या गुणोत्तरावर ठरतो. मजा मात्र एवढ्यावर ठरत नाही. सरळ रस्त्यावर शक्ती जाणवते. वजन मात्र ब्रेकवर, वळणावर, गतिरोधकावर आणि गाडी उभी करतानाही जाणवते. गोव्यात महामार्ग सोडला की रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. त्यामुळे इथे गाडीचा हलकेपणा हा तिचा सर्वांत मोठा गुण मानायला हवा.

यामाहा आरएक्स १०० आणि रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिचे ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन ११ अश्वशक्ती देते आणि तिचे वजन सुमारे १०३ किलो आहे. क्लासिकचे सध्याचे ३४९ सीसीचे इंजिन साधारण २०.२ अश्वशक्तीचे आणि गाडी १९५ किलोची. टनामागे एकीची १०७ अश्वशक्ती, दुसरीची १०४. कागदावर बरोबरी. आता दोन्हींवर ७० किलोचा माणूस बसवला की आकडे ६४ आणि ७६ होतात. मागे तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस बसला की ४५ आणि ६०. गाडी जितकी हलकी, तितका बसणाऱ्याच्या वजनाचा वाटा मोठा. जाहिरातीतल्या गुणोत्तरात माणूस धरलेला नसतो, आणि डबल सीट हाच जिथे रोजचा प्रवास आहे तिथे ही उणीव छोटी नाही.

या हिशेबाने क्लासिक सरस ठरते. तरीही बार्देश तालुक्यातल्या गल्लीबोळांत किंवा सत्तरी तालुक्याच्या रानातल्या रस्त्यांवर चपळ वाटते ती आरएक्सच, आणि त्याला कारणे आहेत. तिच्या दोन चाकांमधले अंतर १२४० मिमी, क्लासिकचे १३९०. दुचाकी वळते ती कलून. एका वळणातून लगेच उलट्या वळणात जाताना गाडीचे सगळे वस्तुमान एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावे लागते. फिरणारे पुढचे चाक या बदलाला विरोध करते, आणि १९ इंची जड चाक अधिक करते. शिवाय शक्ती कशी येते यालाही महत्त्व आहे. आरएक्सचे इंजिन मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर कमाल शक्ती देते. त्याहून कमी फेऱ्यांवर ते काहीसे शांत असते, मग अचानक उसळी घेते. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ४००० फेऱ्यांवरच मिळतो, म्हणून ती गिअर न बदलता संथपणे ओढत राहते. वळणाच्या मधोमध समोरून कदंबची (गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची) बस आली आणि रेषा बदलावी लागली, की हलकी गाडी मनगटाच्या इशाऱ्यावर वळते. जड गाडीला आधीच सांगून ठेवावे लागते.

घाटात वजनाचा हिशेब उघड्यावर येतो. साखळी-केरीकडून बेळगावला जाणारा चोर्ला घाट, मोल्याहून चढणारा अनमोड घाट आणि काणकोणच्या वाटेवरचा करमळ घाट हे गोव्यातले परिचित चढ. दर १० मीटरला १ मीटर चढ असेल आणि स्कूटर व दोन माणसे मिळून २५० किलो ताशी ४० किमी वेगाने वर न्यायचे असतील, तर निव्वळ उंची गाठण्यासाठीच साडेतीन अश्वशक्तीहून अधिक खर्च होते. होंडा अ‍ॅक्टिव्हासारख्या ११० सीसीच्या स्कूटरची एकूण शक्ती आठच्याही आतली. हवा, टायर आणि बेल्ट आपला वाटा घेतात तो वेगळाच. स्कूटर चढावर ‘मरते’ असे म्हणतात त्यामागचे कारण हे. इथे शक्ती कमी पडली की मजाही संपते. हलकेपणाची बाजू घेणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

उतारावर मामला उलटा. टायरची पकड सारखी असेल तर थांबण्याचे अंतर, तत्त्वतः, वजनावर अवलंबून नसते. पण ताशी ६० किमी वेगातल्या प्रत्येक किलोमागे सुमारे १३९ जूल ऊर्जा ब्रेकना उष्णता म्हणून पचवावी लागते. त्यातच टायरवरचा भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही, थोडी मागे पडते. म्हणून लांब उतारावर जड गाडीचे ब्रेक तापतात आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाने वेग रोखणे भाग पडते.

चारचाकीतही हाच फरक दिसतो. मारुती स्विफ्ट सुमारे ९२० किलोची, ८० अश्वशक्तीच्या आसपासची. पेट्रोलवरची महिंद्रा थार १५० अश्वशक्तीची, पण वजनाने पावणेदोन टनांच्या घरातली. दोघींचे गुणोत्तर टनामागे ८५ ते ९० अश्वशक्ती, म्हणजे जवळपास सारखेच. तरी वळणावर त्या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. थार उंच आहे, शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली आहे आणि वळताना बाहेरच्या बाजूला झुकते. तिचा आनंद खडबडीत वाटेवर आणि उंच बसून पाहण्यात आहे. गावातल्या रस्त्यावर तिला स्विफ्टसारखी हाकणे हा गाडीवरही अन्याय आणि समोरून येणाऱ्यावरही. हलकेपणाचा हा विचार मोटार जगतात जुना आहे. ब्रिटनमधील लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी आयुष्यभर वजन घटवण्याचा आग्रह धरला, आणि त्याच परंपरेतली १९९६ ची लोटस एलिस सुमारे ७२५ किलोंची होती. अवघी ११८ अश्वशक्ती असूनही तिचे चालन आजही नावाजले जाते.

पावसाळ्यात सगळा हिशेब बदलतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओल्या डांबरावर, त्यात चिऱ्याची लाल माती वाहून आली असेल तर, पकड एकदम घसरते. अशा वेळी किती शक्ती आहे यापेक्षा किती वापरता येते याला अर्थ उरतो. चाळीसहून अधिक अश्वशक्तीच्या केटीएम ३९० ड्यूकचा थ्रॉटल ओल्या रस्त्यावर बिचकतच उघडावा लागतो, तर ११ अश्वशक्तीची गाडी बरीचशी ताकद तेव्हाही रस्त्यावर उतरवू शकते. स्वतःच्या गाडीची पूर्ण क्षमता वापरता येणे, तीही कायद्याच्या वेगमर्यादेत, हा आनंदाचा फार मोठा भाग आहे.

जड गाडीचे सुख वेगळे. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर आडवा वारा सुटला की १०० किलोंची स्कूटर डुलते, क्लासिक मात्र आपली रेषा धरून राहते. रॉयल एनफील्डच्या चालकांचा ‘रायडर मेनिया’ मेळावा गोव्यात वर्षानुवर्षे भरत आला, २०२३ पासून तो ‘मोटोव्हर्स’ नावाने भरतो. त्यासाठी दुरून येणाऱ्यांना घाई नसते, दिवसभर न थकवणारी चाल हवी असते. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन प्रवासी पोहोचवणाऱ्या पायलटला मात्र दिवसातून अनेकदा गाडी वळवावी, ढकलावी, फेरीबोटीवर चढवावी लागते. त्याच्यासाठी हलकी १०० ते १२५ सीसीची गाडी हीच शहाणी निवड.

विजेच्या गाड्यांनी या गणितात नवी गुंतागुंत आणली आहे. मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून हजर असतो, त्यामुळे एथर ४५०एक्ससारखी ११० किलोंच्या आसपासची स्कूटर सिग्नलवरून पेट्रोल स्कूटरला सहज मागे टाकते. बॅटरी पायांखाली, अगदी खाली असल्याने ती वळणात स्थिरही वाटते. मोटारींमध्ये मात्र बॅटरीचे वजन लपत नाही. गुरुत्वमध्य खाली असल्यामुळे गाडी कमी झुकते, पण ते सगळे वजन वळणात बाहेर ओढले जाते ते शेवटी चार टायरनाच धरावे लागते.