रक्तातील कॅल्शिअमवाढ

प्रौढांच्या रक्तात कॅल्शिअम दर डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम असते. ते याच्या वर गेले की डॉक्टर त्याला हायपरकॅल्सेमिया म्हणतात. सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गळून जाणे आणि वाढ फार झाल्यास असंबद्ध बोलणे ही लक्षणे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना असा माणूस ‘ऊन लागलं’ म्हणून पन्ह्यावर ठेवला जातो. यात उन्हाचा हात अगदीच नसतो असेही नाही : कॅल्शिअम वाढले की मूत्रपिंडाला पाणी राखता येत नाही, आणि शरीर सुकले की तेच मूत्रपिंड कॅल्शिअम बाहेर टाकायला कुचराई करते.

दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत मूळ पॅराथायरॉइड ग्रंथींत किंवा कर्करोगात सापडते. थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांतल्या एकीत साधी गाठ झाली की तिचे संप्रेरक, पीटीएच, जादा पाझरते आणि हाडांतले कॅल्शिअम रक्तात उतरते. अशांना मुतखडेही होतात. कर्करोगात मात्र पीटीएच दबलेले असते, म्हणून ही एक तपासणी पुढची वाट ठरवते. विदर्भातले खर्र्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे, वेड पाहता येथे तोंडाचा कर्करोग विसरून चालत नाही. तशा गाठी कधीकधी पीटीएचसारखे प्रथिन तयार करतात आणि त्याने कॅल्शिअम वाढते.

क्षयरोग, रक्तदाबाच्या थायझाइड गोळ्या, मनोविकारावरचे लिथियम हीही कारणे आहेत. रुग्णाची औषधांची पिशवी मात्र उपडी करून पाहावीच. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटांची, आठवड्याला एक घ्यायची पुडी कोणी रोज घेतलेली असते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे पुड्या थांबवल्या तरी कॅल्शिअम कित्येक आठवडे चढे राहू शकते.

कॅल्शिअमचा आकडा 14 च्या पुढे गेला तर घरी थांबू नये. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये, जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठावी. पहिला उपचार शिरेतून सलाइन, हृदय व मूत्रपिंड सांभाळून. कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे इंजेक्शन काही तासांत उतार पाडते, पण दोनेक दिवसांत त्याचा जोर ओसरतो; तोवर हाडांतून कॅल्शिअम सुटणे रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाचा गुण येऊ लागतो. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकात स्टेरॉइड उपयोगी पडते, मूत्रपिंड निकामी असल्यास डायलिसिस. पॅराथायरॉइडची गाठ शस्त्रक्रियेने काढतात. त्यानंतर भुकेली हाडे कॅल्शिअम ओढून घेतात, बोटांना मुंग्या येतात आणि त्याच रुग्णाला कॅल्शिअमच्या गोळ्या द्याव्या लागतात.