धबधबा जमातीचा, उद्यान राज्याचं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात साठहून अधिक राज्य उद्यानं आहेत. त्यांतल्या एकाच उद्यानाची जमीन राज्याच्या मालकीची नाही, ते म्हणजे ग्रँड पोर्टेज स्टेट पार्क. सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने जाणारा हायवे ६१ कॅनडाच्या हद्दीला भिडतो, त्या अगदी ईशान्य टोकाला पिजन नदी १२० फुटांवरून खाली कोसळते. हा हाय फॉल्स, मिनेसोटातला सर्वांत उंच धबधबा. त्याच्या अमेरिकेकडच्या काठावरची जमीन ग्रँड पोर्टेज बँड या ओजिब्वे जमातीची आहे आणि राज्य सरकार वर्षाला १ डॉलर भाडं भरून तिथे उद्यान चालवतं. सातबाऱ्याच्या भाषेत, मालक जमात आणि कूळ सरकार.

अमेरिकेतल्या उद्यानांचा एकूण इतिहास पाहता ही उलटी गंगा आहे. यलोस्टोन, योसेमिटी, ग्लेशियर या नावाजलेल्या राष्ट्रीय उद्यानांची कहाणी बहुतेक ठिकाणी एकच: तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या जमातींना हटवायचं किंवा त्यांचे हक्क आक्रसत न्यायचे, आणि मग पर्यटकांना ‘अस्पर्श निसर्ग’ दाखवायचा. ग्रँड पोर्टेजला तसं झालं नाही, आणि त्याची कारणं धबधब्याइतकीच त्याला वळसा घालणाऱ्या वाटेतही आहेत.

पिजन नदीच्या शेवटच्या टप्प्यात एकामागून एक धबधबे आणि खळाळ आहेत. होडीने जाणं अशक्य. त्यामुळे सरोवरातून आत, पश्चिमेकडच्या जलमार्गांवर जायचं तर होडी आणि सामान खांद्यावर घेऊन सुमारे साडेआठ मैल चालायचं. ओजिब्वे लोक ही वाट गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. अठराव्या शतकात फरचा व्यापार वाढला आणि तीच वाट खंडाच्या व्यापाराची नाडी झाली. नॉर्थ वेस्ट कंपनीने सरोवराच्या काठी आपलं मोठं ठाणं उभारलं. दर उन्हाळ्यात मॉन्ट्रियलकडून माल यायचा, आतल्या जंगलांतून कातडी यायची आणि इथे अदलाबदल व्हायची. हमाली करणारे व्हॉयाजर एका खेपेला साधारण ९० पौंडांची दोन गाठोडी पाठीवर घेत. चढउतार, चिखल आणि डास वेगळेच. हा सगळा खटाटोप धबधब्यांमुळे होता, पण वाटेवरून चालणाऱ्याला हाय फॉल्स दिसतही नसे.

पुढे सीमा आली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर ठाणं अमेरिकेच्या हद्दीत येणार हे दिसल्यावर ब्रिटिश कंपनीने १८०३ मध्ये आपला बाडबिस्तरा उत्तरेला, आजच्या थंडर बे परिसरात हलवला. १८४२ च्या वेबस्टर-ॲशबर्टन तहाने पिजन नदी दोन देशांमधली सीमा ठरली. खांद्यावरच्या वाटेबद्दल त्या तहात खास कलम आहे: ही वाट दोन्ही देशांच्या लोकांना खुली राहील. नदीच्या दोन्ही काठांवर नातीगोती असलेल्या ओजिब्वे कुटुंबांना मात्र त्या वाटाघाटीत कुणी विचारलं नव्हतं.

१८५४ च्या ला पॉइंट तहात सुपीरियर सरोवराच्या ओजिब्वे जमातींनी ईशान्य मिनेसोटाचा फार मोठा प्रदेश अमेरिकेला दिला. बदल्यात रिझर्व्हेशन (जमातींसाठी राखीव प्रदेश) मिळाली, त्यांत ग्रँड पोर्टेज एक. दिलेल्या प्रदेशात शिकार आणि मासेमारीचा हक्क जमातींनी राखून ठेवला. हे कलम ध्यानात ठेवा, ते पुढे लागणार आहे. १८८९ मध्ये नेल्सन कायदा आला. त्याने रिझर्व्हेशनच्या जमिनीचे कुटुंबवार तुकडे पाडले आणि ‘उरलेली’ जमीन बाहेरच्यांना मोकळी केली. धबधब्यालगतची जमीन रिझर्व्हेशनच्या हद्दीत असूनही जमातीच्या हाती राहिली नाही, ती त्याच काळाची देणगी.

मग लाकूड कंपन्या आल्या. धबधब्यावरून सोडलेले ओंडके खडकांवर आपटून फुटत, म्हणून कडेने लाकडी पन्हळ बांधून ओंडके पाण्यासोबत खाली घसरवले जात. तिचे थोडे अवशेष आजही दिसतात. १९१७ मध्ये वरच्या अंगाला एक गंमतच घडली. कॅनडातल्या पोर्ट आर्थर शहराच्या रोटरी क्लबने पुढाकार घेतला आणि दोन्ही देशांच्या सरकारांची रीतसर परवानगी न घेता आंतरराष्ट्रीय सीमेवर पूल बांधून टाकला. लोक त्याला ‘आउटलॉ ब्रिज’ म्हणत. १९६० च्या दशकात हमरस्ता बदलून सरोवराच्या बाजूने नेला गेला, नवा पूल नदीच्या मुखाकडे झाला आणि इतकी वर्षं आडबाजूला असलेला हाय फॉल्स रस्त्यालगत आला. जागा खासगी, रस्ता दाराशी आणि सीमेवरची वर्दळ. इथे काय काय उभं राहू शकलं असतं हे वेगळं सांगायला नको.

तोवर जमातीने एक व्यवहार केलेला होता, आणि माझ्या मते या उद्यानाचं मूळ तिथे आहे. फर व्यापाराचं ठाणं आणि ती जुनी वाट जपण्यासाठी ग्रँड पोर्टेज राष्ट्रीय स्मारक व्हावं असा कायदा १९५८ मध्ये झाला. त्यासाठी लागणारी आपली जमीन जमातीने स्वतःहून दिली आणि १९६० मध्ये स्मारक अस्तित्वात आलं. देताना डोळे मिटून दिली नाही. स्मारकातल्या कामांत आणि पर्यटकांच्या सोयींत जमातीच्या लोकांना प्राधान्य मिळेल, आणि सरकारने स्मारक सोडून दिलं तर दिलेली जमीन परत येईल, असं कायद्यातच लिहून घेतलं. १९९९ पासून स्मारकाच्या देखभालीचं बरंचसं काम जमात स्वतःच करारावर करते.

धबधब्याची जमीन मिनेसोटातल्याच डुलुथ शहराचे वकील लॉइड के. जॉन्सन यांच्याकडे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती काही विकत, काही देणगी म्हणून द्यायला ते तयार झाले आणि राज्यातल्या उद्यानांसाठी पैसा उभा करणाऱ्या स्वयंसेवी परिषदेने मध्यस्थी केली. राज्याला उद्यान हवं होतं. जमातीलाही धबधबा सांभाळला जायला हवा होता, पण रिझर्व्हेशनच्या आतली जमीन पुन्हा एकदा दुसऱ्याच्या नावावर चढलेली नको होती. तोडगा असा निघाला की जमीन राज्यामार्फत घ्यायची, ती ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सकडे, म्हणजे मूळ जमातींचा कारभार पाहणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे, जमातीसाठी विश्वस्त म्हणून सोपवायची, आणि मग राज्याने ती भाडेपट्ट्याने घेऊन उद्यान करायचं. विधिमंडळाने १९८९ मध्ये मंजुरी दिली.

याच वर्षांत हीच जमात राज्याला कोर्टात खेचत होती. १९८५ मध्ये ग्रँड पोर्टेज बँडने केंद्रीय न्यायालयात दावा लावला: १८५४ च्या तहातला शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क आमचा आहे, राज्याचे नियम आम्हाला लागू होत नाहीत. फाँ द्यू लाक आणि बॉइस फोर्ट या जमातीही त्यात आल्या. १९८८ मध्ये तडजोड झाली. जमातींनी त्या हक्कांच्या वापरावर काही मर्यादा मान्य केल्या आणि राज्याने दरवर्षी मोबदला द्यायचं कबूल केलं. उद्यानाची गोष्ट सांगताना हा भाग सहसा गाळला जातो, कारण सहकार्याच्या गोड कथेत कोर्टकज्जा खटकतो. मला तो महत्त्वाचा वाटतो. जमात कोर्टापर्यंत जाऊ शकते आणि तिचा दावा पोकळ नाही हे कळल्यावरच राज्य तिच्याशी बरोबरीच्या पक्षासारखं बोलू लागलं असावं.

उद्यान १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. ते लहानसंच आहे, तीनशे एकरांच्याही आत. इथे मुक्कामाची सोय नाही. धबधब्यापर्यंत साधारण अर्ध्या मैलाची वाट आहे, फरसबंदी आणि लाकडी फळ्यांची, व्हीलचेअर जाईल अशी. शेवटी सज्जे आहेत. ऊन असेल तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं आणि समोरचा काठ कॅनडाचा असतो. तिथे ऑन्टारियोचं पिजन रिव्हर प्रोव्हिन्शियल पार्क आहे. मिनेसोटाच्या इतर उद्यानांत गाडीसाठी परवाना काढावा लागतो, इथे लागत नाही. २०१० मध्ये उद्यान खातं, राज्याचं वाहतूक खातं आणि जमात यांनी मिळून स्वागतकक्ष बांधला. तोच हायवेवरचा विश्रांती थांबाही आहे. त्यात ओजिब्वे इतिहास आणि भाषा ठळकपणे मांडली आहे, आणि उद्यानाच्या कामावर जमातीचे लोक आहेत.

याच राज्यात अलीकडे अगदी वेगळा निर्णयही झाला. मिनेसोटा नदीकाठचं अपर सू एजन्सी स्टेट पार्क डाकोटा लोक आणि अमेरिका यांच्यातल्या १८६२ च्या युद्धाशी जोडलेलं आहे. तिथल्या गोदामांत धान्य असताना डाकोटा लोक उपाशी ठेवले गेले होते, आणि त्या जमिनीत त्यांची थडगी आहेत. थडग्यांवर सहलीच्या चुली पेटाव्यात हे तिथल्या जमातीला मान्य नव्हतं. २०२३ मध्ये कायदा झाला आणि २०२४ मध्ये उद्यान बंद करून जमीन अपर सू या डाकोटा जमातीला परत देण्यात आली. ग्रँड पोर्टेजच्या जमातीचं गणित निराळं होतं. त्यांचं स्वतःचं हॉटेल १९७५ पासून सरोवराच्या काठी चालू आहे आणि हायवेवरून येणारा पाहुणा त्यांना हवाच होता.