मांगराच्या धर्तीवरचे डोंगरघर (कोकण)

कोकणपट्टीत, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, गावापासून दूर डोंगरउतारावर जांभा (कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड), माती, लाकूड, बांबू आणि कौले वापरून स्थानिक गवंडी-सुतारांच्या हातून बांधलेले छोटे निवासघर. शहरातले कोणी निवांतपणासाठी ते बांधतात, तर गावातलेच काही जण पाहुण्यांना राहायला देण्यासाठी. हा प्रकार नवा वाटला तरी त्याचा पूर्वज गावातच आहे. मालवणी मुलखात राहत्या घरापासून बाजूला, बागेत किंवा भरडावर (वरकस जमिनीवर) उभारलेल्या साध्या इमारतीला मांगर म्हणतात. गुरे, गवत, काजूबिया, अवजारे आणि हंगामात राखणीला राहिलेला माणूस अशा सगळ्यांची सोय त्यात असते. एक-दोन खोल्या, पुढे पडवी, उतरते छप्पर, एवढाच त्याचा पसारा. डोंगरात घर बांधू पाहणाऱ्याने वाड्यापेक्षा मांगर आधी नीट पाहावा.

जागा आणि पाणी. या घराची आखणी पाण्यावरून करावी लागते. समोरचा देखावा त्यानंतर येतो. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर ७,००० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गाडली गेली. म्हणून यंत्र लावून उतार उभा कापायचा आणि सपाटी करून घर बसवायचे, ही सध्याची घाई धोक्याची आहे. जोते उताराबरोबर पायरीपायरीने उतरवावे, मागच्या अंगाला घराला वळसा घालणारा चर खणावा, आणि बांधाला जांभ्याचा कोरडा गडगा (चुना-माती न भरता रचलेली भिंत) घालावा. गडग्याच्या फटींतून पाणी झिरपून जाते, त्याच्यामागे दाब साठत नाही. कोणत्या पऱ्ह्याला (ओढ्याला) आषाढात कुठवर पाणी चढते, हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असते. त्यांना विचारल्याशिवाय जोत्याची दोरी सोडू नये.

दुसरी अडचण नेमकी उलटी. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी झपाट्याने खाली मुरते आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. सड्याच्या (माथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठाराच्या) पायथ्याशी मात्र अनेक ठिकाणी झरे टिकून असतात. पोफळीचे खोड उभे चिरून, आतला गाभा काढून केलेले पन्हळ जोडत तेच पाणी बागेपर्यंत आणायची जुनी रीत आहे. जागा एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये पाहिली, तरच ती पाहिली म्हणायची.

जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातील अंगाडिपुरम येथील अशाच दगडाच्या वर्णनात लॅटराइट हे नाव वापरले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव चपखल आहे, कारण ताजा जांभा खाणीत हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि हवा-ऊन लागले की त्यातल्या लोहामुळे कडक होत जातो. कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. पूर्वी तो हाताने तासून काढत, आता चिरेखाणीत फिरत्या पात्याची यंत्रे असतात. मुरलेला गवंडी चिरा लगेच भिंतीत घेत नाही. आधी हातोडीने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर कोपऱ्याला आणि दाराच्या बाजूला, बद्द वाजला तर आत मातीचा पोकळ गोळा आहे असे समजून आतल्या भिंतीला किंवा गडग्याला. त्यामुळे ढिगातले थोडे चिरे नेहमी बाजूला पडतात, आणि मालकाने ते सोसावे.

जुन्या भिंतींचे सांधे मातीत किंवा चुन्यात भरत. किनाऱ्यालगत हा चुना शिंपले भाजून करत. चिऱ्यावर सिमेंटचा जाड गिलावा केला की भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दोन-चार पावसांत पोपडे सुटू लागतात. जांभा उघडा ठेवावा किंवा चुना लावावा.

चिरा जवळचा असला तरी तो फुकटात मिळालेला नसतो. खाण सडा खाते, आणि याच सड्यांवर कोकणातली प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत. २०२२ साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. मोडलेल्या घराचे जुने चिरे मिळत असतील तर आधी ते घ्यावेत. ते कडक झालेले असतात आणि त्यांच्यासाठी नवा सडा फोडावा लागत नाही.

छप्पर. घराचे खरे आयुष्य छपरावर ठरते. पूर्वी गवताची किंवा भाताच्या पेंढ्याची शाकारणी असे, ऐपत असेल तिथे कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौले. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून पसरलेले सपाट, एकमेकांत अडकणारे मंगळुरी कौल पुढे कोकणभर रुळले. खाली रिपा, त्याखाली वासे, वर आढे, अशी त्याची मांडणी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरोघरचे पत्रे उडाले, कौलेही फुटली. फुटलेले कौल दुसऱ्या दिवशी एकेक बदलता येते, हा त्याचा मोठा गुण. वानरांचा वावर असलेल्या डोंगरात मात्र कौले दरवर्षी फुटणारच. बांधतानाच शे-दोनशे जास्तीची घेऊन पडवीत रचून ठेवावीत.

छपराची कड भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर हवी. पागोळ्या जिथे पडतात तिथे सपाट दगडांची ओळ बसवतात. ती नसेल तर लाल चिखल भिंतीवर हातभर उंच उडतो आणि श्रावण संपेपर्यंत चिऱ्यांचा खालचा थर शेवाळून जातो. नैर्ऋत्येकडून झड येते, म्हणून त्या अंगाला पडवी काढावी किंवा पावसाळ्यापुरते माडाचे झाप बांधावेत.

लाकूड आणि बांबू. तुळया-वाशांना साग, ऐन, किंजळ, दारे-खिडक्यांना फणस. फणसाचे पिवळे लाकूड वर्षागणिक तांबूस होत जाते, त्याला रंग लावणे मला तरी पाप वाटते. वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचे काळे तेल चोळतात. झाड तोडायचे तर महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची परवानगी लागते, तेव्हा पडक्या घरांचे लाकूड शोधणे बरे. बांबूत सिंधुदुर्गातला माणगा उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. तो अंधाऱ्या पक्षात तोडून वाहत्या पाण्यात मुरवतात. बांबूतला पिठूळ अंश कमी झाला की भुंगा कमी लागतो. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे त्याची तोड-वाहतूक सोपी झाली.

जमीन. माती चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. हे काम बायकांचे, आणि ते कारागिरीत मोजले जात नाही, हे चूक आहे. शेण-पाण्याचे प्रमाण, ऊन किती असताना हात घालायचा, दाराकडे मागे सरकत अर्धगोल फिरणारा हात, यातले काहीही नकाशात लिहून देता येत नाही. मजुरी ठरवताना या बाईला गवंड्याच्या बरोबरीने बसवावे.

वाहतूक आणि हंगाम. ट्रक जिथे थांबतो तिथून पुढची पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) घराचा आकार ठरवते. तीसेक किलोचा चिरा डोक्यावरून चढवायचा असेल तर दुमजली घराचा विचार आपोआप मागे पडतो. पन्नास फुटी दिवाणखान्यासाठी लागणारी तुळईही त्या वळणांवरून येत नाही. काम भातकापणी उरकल्यावर सुरू होते आणि मेअखेर छप्पर झालेच पाहिजे. शिमग्यात गवंडी, सुतार, गडी कोणीच येत नाही, ग्रामदेवतेची पालखी दारात यायची असते. वेळापत्रकात ते दिवस धरावेच लागतात.

देखभाल. बांधून झालेले घर बंद ठेवले की लवकर मोडते. दर वैशाखात कौले काढून, झाडून, सरकलेली जागेवर बसवतात, फुटकी बदलतात. पावसाळाभर घरात कोणी नसेल तर गाद्यांना बुरशी येते, वाळवी चौकटीतून वर चढते. म्हणून घराची चावी वाडीतल्या एका घरी असते. तिथले कोणीतरी आठवड्याला दोनदा येऊन चूल पेटवते, दारे उघडते आणि वाशांना धूर लागू देते.