हजेरीपटापासून हत्तींपर्यंत : जॉर्ज बॅलन्शीन

विसाव्या शतकातील बॅलेवर खोल ठसा उमटवणारा नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीन या कलेकडे वळला तो योगायोगाने. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यशाळेत चाचणी होती ती त्याच्या बहिणीची. नऊ वर्षांचा गिओर्गी बालांचिवाद्झे (हेच त्याचे मूळ नाव) नुसता सोबत गेला होता. परीक्षकांनी बहिणीला नाकारले आणि भावाला ठेवून घेतले. या सन्मानाची परतफेड त्याने लवकरच शाळेतून पळून जाऊन केली.

परत आणल्यावर मात्र तो टिकला. १९२४ मध्ये त्याने रशिया सोडला, तेव्हा युरोपात रशियन बॅलेची कंपनी चालवणारे द्यागिलेव्ह यांनी त्याला आपल्या कंपनीत घेतले आणि पाश्चात्त्यांच्या जिभेची सोय पाहून त्याचे आडनाव छाटले. १९३३ मध्ये अमेरिकी कलापुरस्कर्ते लिंकन कर्स्टीन यांनी अमेरिकेत बॅले कंपनी काढण्यासाठी बोलावले, तर याची अट अशी की आधी शाळा हवी.

न्यूयॉर्कमधील त्या शाळेत १९३४ साली ‘सेरेनेड’ ही रचना उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या म्हणून सतराजणींची मांडणी झाली. पुढे कोणी घसरून पडली, कोणी उशिरा आली, तेही त्याने नृत्यात घेतले. समीक्षक त्यात नियती आणि विरह शोधत राहिले. वस्तुतः त्यातला बराचसा भाग वर्गाचा हजेरीपटच होता.

चार विवाह झाले, चारही नर्तकींशी. त्यांपैकी मारिया टॉलचीफ यांच्या सांगण्यानुसार तो आपले कपडे स्वतःच धूत व इस्त्री करीत असे आणि त्याचे बरेचसे चिंतन इस्त्री करतानाच होई. मूर्का या आपल्या मांजरालाही त्याने उड्या मारायला शिकवले होते.

हे सारे फिके पडावे असा प्रसंग १९४२ चा आहे. रिंगलिंग सर्कससाठी त्याने संगीतकार स्ट्रॅव्हिन्स्की यांना फोन करून हत्तींसाठी पोल्का, म्हणजे एका उडत्या चालीच्या नाचाचे संगीत, मागितला. हत्तींचे वय काय, असे त्यांनी विचारले, आणि ‘अगदी लहान’ असे उत्तर मिळताच ते तयार झाले, असा किस्सा आहे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पन्नास हत्ती घेरदार झालरी नेसून पन्नास नर्तकींसह नाचले, आणि पहिल्या प्रयोगात आघाडीच्या हत्तीबरोबर होती त्याची तेव्हाची पत्नी व्हेरा झोरिना. तीस वर्षांनी, १९७२ च्या स्ट्रॅव्हिन्स्की महोत्सवात, नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांनी तोच पोल्का पुन्हा बसवला. या वेळी मात्र हत्तींची जागा बॅलन्शीनच्याच शाळेतल्या अठ्ठेचाळीस मुलींनी घेतली होती.